ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

१३ जानेवारी, सोमवार

प्रॅक्टिकलच्या जर्नलात लिहून राहिलो आहे. चार प्रयोग लिहिलेले, पाचव्यापासून पानं कोरी. कॉलेज सुटलं, पानं उरली. प्रत्येक पानाखाली 'तपासले' अशी रेघ छापलेली आहे. तिथे आता कोणी सही करणार नाही, हे एक बरं झालं. इकडे सगळं हिंदी, शाळाही हिंदीतच गेली, मराठी लिहायला आईनं घरी शिकवलं. पण भूमिकाच्या गोष्टी हिंदीत लिहवत नाहीत.

आज आठ महिन्यांनी तिच्या घरात पाय ठेवला.

स्टील प्लांटच्या वसाहतीत आमचं आणि त्यांचं क्वार्टर पाठीला पाठ. मधे कमरेएवढी भिंत. दुपारी गयाकाकूनं, म्हणजे भूमिकाच्या आईनं, भिंतीवरून हाक मारली. "कांता, तुहा तेजू मशीनचं काम करते नं? आमची पाहा बाप्पा, धुता धुता मेली. ना लाइट, ना आवाज. कपडे पाण्यातच अडकून पडले."

काकू दिवाळीत बाथरूममधे पडली, तेव्हापासून तिचा उजवा खांदा वर जात नाही. पिळणं दूरच, तिची वेणीसुद्धा भूमिका घालते. वॉशिंग मशीन म्हणजे त्या घरी चैन नाही, काकूचा हात आहे.

आई मला म्हणाली, "जा. आणि राग घरी ठेवून जा."

आईचं खरं आहे. मागच्या मे महिन्यात लॅबच्या सरांनी तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर म्हटलं, "बाप क्रेन चलाता है, तुझसे स्कूटर नहीं चलेगी." मी कॉलर धरली. डिप्लोमा तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ भूमिका भेटली. म्हणाली, "तू फक्त एकदा बाबाले बोल. बाकी मी पाहून घेईन." मी म्हटलं, "पहिले मले काही बनू दे." ती म्हणाली, "कधी बनशील?" एवढंच म्हणाली. आणि मी बोललो, "घाई असन तं दुसरा पाहा."

तेव्हापासून बोलणं बंद. आता मी खुर्सीपारला पंजाबरावच्या दुकानात मिक्सर, पंखे, मशिनी दुरुस्त करायला शिकतो. हे काही 'बनणं' नाही.

आज तिनं दार उघडलं. "ये" म्हणाली. आठ महिन्यांचं एवढंच.

बिघाड साधा निघाला. मशीनच्या सॉकेटला वेगळा फ्यूज आहे, चिनी मातीचा, जुना, ज्याला सगळे किटकॅट म्हणतात. काकूनं दोन ब्लँकेटं एकदम कोंबली होती. फ्यूजची तार जळाली आणि तांब्याची पाती काळी पडली. भूमिका टॉर्च धरून होती. तिची नखं ओली असल्यासारखी चमकत होती, रंग काहीच नव्हता. मी पाती घासता घासता उगाच मास्तरासारखा सांगत बसलो. "तांब्यावर केसाएवढा थर जरी असला, तरी करंट पुढे जात नाही. मशीन मेली नाही. तिच्यापर्यंत पोचूनच नाही राहिलं."

"एवढ्याशानं बंद होते?"

"एवढ्याशानं."

तेवढ्यात भूमिकाचे बाबा, केवलरामकाका, फर्स्ट शिफ्ट करून आले. काका रोलिंग मिलमधे फिटर आहेत. बूट काढायच्या आधीच बोर्डाकडे पाहिलं. "टॅग कुठे आहे?"

"कशाचा काका?"

"लाइन बंद करून हात घालून राहिला. तुहा टॅग कुठे आहे?"

प्लांटमधे असं आहे की मशीनवर चढायच्या आधी लाइन बंद करायची आणि आपल्या नावाची चिठ्ठी स्विचला बांधायची. ज्याची चिठ्ठी, तोच काढणार. साहेबानंही हात लावायचा नाही. माझे बाबाही हे सांगतात, पण घरच्या बोर्डाला चिठ्ठी बांधणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी हसणार होतो. मग काकांनी सांगितलं. नोकरी लागायच्या आधी ते गोंदियाकडे कोण्या राइस मिलमधे होते. तिथे चिठ्ठी नव्हती. एक जण पट्ट्यात वाकून काम करत होता आणि दुसऱ्यानं 'बंद कावून आहे' म्हणून स्विच टाकला. पट्ट्यातला माणूस काकांचा मोठा भाऊ होता. कृष्णराव. हे सांगताना काका मिठाईच्या डब्याचं झाकण कात्रीनं कापत होते. त्याला सुतळी बांधली, मला पेन दिला.

"लिह. नाव. तारीख. कधी लावला. खाली जागा सोड, कधी काढला त्याची."

लिहिलं. काम झाल्यावर काढायला गेलो तर हात धरला. "असा नाही. काम पूर्ण?"

"हो."

"हो नाही. पूर्ण म्हण."

"पूर्ण."

"माणसं बाहेर?"

"काका, मी तं एकटाच आहो."

"म्हण."

"माणसं बाहेर."

"हत्यार बाहेर?"

"बाहेर."

"आता काढ."

मशीन टुणकन वाजून सुरू झाली. काकूनं पोहे केले होते. निघताना भूमिका म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आवाजात शहाणपणा जास्त झाला असावा, कारण तिनं मान फिरवली.


२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी तिचा फोन. तिचा! "मशीन पुन्हा बंद आहे. येशील?"

धावत गेलो. धावत गेलो हे भिंतीवरून सगळ्यांनी पाहिलं असेल. काका सेकंड शिफ्टला होते, म्हणजे घरीच, सोफ्यावर पेपर घेऊन. टॅग बांधला. फ्यूज काढला. तार चांगली. लाइन बंद करायच्या आधी टेस्टर लावला होता, तर फ्यूजच्या वरच्या बाजूला जळत होता, खालच्या बाजूला नाही. पाती घासली, लावला, सुरू झाली. तांब्यावर काही चमकदार थर होता. ओल असेल, नाहीतर फॅक्टरीतून वार्निश मारत असतील.

भूमिका हळूच म्हणाली, "बाबा आज दुपारपर्यंत घरीच आहेत."

"दिसले नं."

"तू काही बोलणार होता त्यांच्यासोबत. कधीपासूनचं."

मी पेचकस पिशवीत टाकत म्हटलं, "आधी एक काम तं धड होऊ दे. आठ दिवसांत बंद पडली. कोणत्या तोंडानं बोलू? 'काका, तुमची मशीन माझ्यानं होत नाही, पोरगी द्या'?"

तिनं टॉर्च विझवला, पुन्हा लावला, पुन्हा विझवला.

तिच्या आवाजात 'कधीपासूनचं' ऐकलं, त्यात माझा दिवस निघाला. पण खरं तेच, आधी काम. काकांना उद्या विचारलं की पोरगा काय करते, तर निदान एक मशीन तरी दाखवता आली पाहिजे.


२२ जानेवारी

पंजाबरावला सांगितलं. तो चहाचा घोट गिळून म्हणाला, "तांब्यावर थर येते तं हिरवा येते, नाही तं काळा येते. चमकदार कोणता थर येते बे? राजा, तू फ्यूज पाहून राहिला का चेहरा?"

मी पेचकस फेकला. काउंटरची काच तडकली. पंजाबरावनं चिकटपट्टी आणून काचेवर लावली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.


२ फेब्रुवारी, रविवार

भूमिकाला पाहायला गोंदियाहून पाहुणे येणार आहेत. पुढच्या रविवारी. मुलगा रेल्वेत, नाव राजकुमार. आईनं मला हे भाजी वाढता वाढता सांगितलं, जसं काही दूधवाला उद्या येणार नाही.

"तू बोल नं काकांना," असं आईला म्हणता म्हणता थांबलो. आईनं वाट पाहिली. ती वाट पाहत होती हे मला कळलं. मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

सहा वाजता टाकीजवळ जाऊन आलो. कोणी नव्हतं. कोण राहणार.


५ फेब्रुवारी, बुधवार

तिसऱ्यांदा बंद. काकांचा साप्ताहिक सुटीचा दिवस. एक गोष्ट मला पक्की कळून राहिली आहे की काका घरी असले की ही मशीन बंद पडते. ड्यूटीवर गेले की बरोबर चालते. माझं नशीब असंच आहे, जिथे पाहणारा बसला, तिथेच माती.

काकू म्हणाली, "तेजू, वाईट नको मानू, दुकानातला मोठा माणूस बोलवू का?" काकू साधेपणानं बोलली. पण मला झोंबलं. ठरवलं की आज मुळापासून पाहायचं. मशीन भिंतीपासून ओढली, मागचं झाकण काढलं, बोर्डाच्या सगळ्या पिना काढून साफ केल्या, दाराचं लॉक पाहिलं, मोटरच्या तारा पाहिल्या. तीन तास. घाम डोळ्यात गेला. भूमिका तिन्ही तास टॉर्च धरून उभी.

शेवटी ती म्हणाली, "फ्यूज पाहिला का?"

"मले शिकवू नको."

"शिकवत नाही. पाहा म्हणते फक्त."

फ्यूजच होता. तोच थर, यावेळी जाड. तीन तास मी चुकीच्या जागी मेलो आणि तिला आधीच सुचलं, याचा इतका राग आला की घासताना बोट कापलं. तिनं बोटाला पट्टी लावली. लावताना म्हणाली, "मी बाबाले म्हटलं आहे की तेजूले तुमच्यासोबत काही बोलायचं आहे. ते ऐकतील. ओरडणार नाहीत."

बाहेर आलो. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर दुसरी खुर्ची रिकामी होती. पेपर नव्हता हातात. म्हणाले, "बस, तेजू."

बसलो.

"काही सांगायचं आहे का तुले मले?"

काकांचे हात गुडघ्यांवर होते. फिटरचे हात, नखांच्या कडा काळ्या, कितीही धुतले तरी. दारात भूमिका. माझ्या अंगावर मशीनच्या मागची जाळी, बोटाला पट्टी, तीन तास चुकीचं काम केलेलं. मी या माणसाला पोरगी मागणार? तोंड उघडलं आणि आतून हे निघालं:

"हो काका. तुमच्या घरची अर्थिंग खराब आहे."

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असं का. बरं. पाहून घेतो."

दारात टॉर्च विझला. दिवसाढवळ्या लागलेला होता, हे तेव्हा लक्षात आलं.


९ फेब्रुवारी, रविवार

पाहुणे आले. सात जण, दोन गाड्या. मी छतावर. मुलगा उंच आहे, शर्ट खोचलेला. जाताना त्यानं स्वतः गाडीचं दार आपल्या आईसाठी उघडलं. एवढंच दिसलं. शिवी द्यायला काही सापडलं नाही त्यात, म्हणून जास्त राग आला.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवीस तारखेला. बोरसीला, तिच्या मामाकडे.


१० फेब्रुवारी

जेवलो नाही.


१२ फेब्रुवारी

जेवलो. भूक लागते, हे केवढं लाजिरवाणं आहे.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं संपवून आलो.

चौथ्यांदा बंद, पुन्हा तिचा फोन. साक्षगंध पाच दिवसांवर आणि ती मला मशीनसाठी बोलवते. मी दुकानातूनच एमसीबी घेऊन गेलो. म्हणजे बटणासारखा स्विच, लोड झाला की आपोआप पडतो, परत वर केला की सुरू. ना तार, ना पाती, ना थर. किटकॅट काढून फेकायचा, कटकटच खतम.

टॅग बांधला. जुना फ्यूज उचकटायला घेतला तर ती म्हणाली, "हे कायमचं काढून टाकशील?"

"हो."

"मग पुन्हा बंद नाही पडणार?"

"नाही. माह्या हातचं काम आहे."

"नको काढू."

"कावून?"

"राहू दे जुनंच. बाबा अर्ध्या तासात येतात, मामाकडे गेले आहेत. ते येईपर्यंत थांब. त्यांच्यासमोर काढ."

आता हे ऐकून कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? म्हणजे माझ्या कामावर भरोसा नाही, बाप येऊन तपासणार! मी म्हटलं, "तुह्या बाबाले काय विचारायचं त्यात? इलेक्ट्रिकलचं मी शिकलो का त्यांनी?" आणि काढला. काढून पिशवीत टाकला. एमसीबी बसवायला घेतला. ती माझ्या बाजूला उभी होती, टॉर्च भिंतीकडे.

"तेजू, तुले खरंच काही दिसत नाही का?"

"टॉर्च नीट धर तं दिसन."

"चार वेळा बोलावलं तुले."

"चार वेळा आलो नं! उपकार नाही केले मी, पण चार वेळा आलो. आता रेल्वेवाला आणून देईल नवीन मशीन. त्यालेच बोलव पाचव्यांदा."

"पागल आहेस तू." हे तिनं इतकं हळू म्हटलं की शिवीसारखं वाटलंच नाही.

मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. गोंदियाबद्दल बोललो, सरकारी नोकरीबद्दल, आणि तिनं आठ महिने गप्प राहून काय पाहून ठेवलं याबद्दल. काकू एका हातानं पडदा धरून दारात आली. "तेजराम! तोंड सांभाळ. माह्या घरात आहेस."

काकूनं मला पहिल्यांदा पूर्ण नावानं हाक मारली.

शेवटचा स्क्रू आवळून झाला होता. फक्त बटण वर करायचं राहिलं होतं. पिशवी उचलली आणि भिंत ओलांडून आलो.


१९ फेब्रुवारी

तिचा मेसेज. हिंदीत, कारण भांडणानंतर ती हिंदीत लिहिते.

"टैग लटका हुआ है।"

बस, एवढंच. काल रागात टॅग काढायचाच राहिला. राहू दे. मिठाईच्या डब्याचं झाकण आहे, कोणीही ओढून फेकू शकतं.


२० फेब्रुवारी

कोणी काढत नाहीये. आई सांगत होती. भूमिका कपडे हातानं धुते, काकू डाव्या हातानं साबण लावून देते. शेजारच्या रुक्माबाईनं म्हटलं, एक पुठ्ठा तं आहे, काढा नं आणि चालू करा. तर काका म्हणाले, "त्याचं नाव आहे त्यावर. तो येऊन काढेल."

आई म्हणाली, "जा नं बाप्पा. पुठ्ठा काढायले काय जाते?"

"माफी मागायला लावतील."

"मग माग."

गेलो नाही.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेसेज: "पापा बोल रहे हैं तेजू आएगा तो उससे बैठकर बात करूँगा। आ जाओ।"

बसून बोलणार म्हणजे काय ते मला माहीत आहे. लॅबचे सरही बसूनच बोलले होते.


२२ फेब्रुवारी

सकाळी: "कल है। आज आओ।"

उद्याचे कपडे धुवायचे असतील. पाहुण्यांच्या चादरी असतील. मशीन, मशीन, मशीन. मी काय तिचा धोबी आहे? लिहून पाठवलं, "राजकुमार को बोलो।" निळ्या खुणा लागल्या.

दुपारभर फोन उपडा ठेवला. संध्याकाळी सरळ केला. काहीच नव्हतं. मग भिंतीपाशी गेलो, पलीकडे बादलीत कपडे आपटायचा आवाज येत होता. एक, एक, एक. भिंतीला हात लावला. उडी मारायला दोन सेकंद लागतात. एवढंसं काम. आवाज थांबला, जसं तिला कळलं की मी तिथे आहे. मी खाली बसलो, दिसू नये म्हणून.

थोड्या वेळानं आपटणं पुन्हा सुरू झालं.


२३ फेब्रुवारी, रविवार

साक्षगंध झालं. आई-बाबा बोरसीला जाऊन आले. आईनं पिशवीतून बुंदीचा लाडू काढून ठेवला माझ्यासाठी. मुंग्या लागल्या त्याला. मी पाहत राहिलो.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात पिशवी उलटी केली, एक छोटा पाना सापडत नव्हता. तो किटकॅट बाहेर पडला. त्यांच्या घरचा. पंजाबरावनं उचलला, चष्मा वर केला, पाती नखानं खरवडली. पापुद्रा निघाला. साबणाच्या फुग्यासारखा, पारदर्शक. त्यानं कापसावर थिनर घेऊन पुसलं. लगेच विरघळलं. खाली तांबं लखलखीत.

"हे नेलपॉलिश आहे बे," तो म्हणाला. "बिनरंगाचं. माही पोरगी लावते. तीन-चार हात मारले आहेत, मस्त, शांतपणे, एक वाळल्यावर दुसरा." मग माझ्याकडे पाहिलं. "कोणाच्या घरचा आहे हा?"

मी सांडलेली हत्यारं पिशवीत भरू लागलो. त्याला कळलं असावं, कारण त्यानं जोक नाही मारला. फ्यूज माझ्या हातात ठेवला आणि रेडिओ बंद केला.

केसाएवढा थर. मीच सांगितलं होतं.

काका घरी असतील तेव्हाच बंद पडायची. अंगणात दुसरी खुर्ची टाकलेली होती. 'फ्यूज पाहिला का?' 'नको काढू.' 'बाबा येईपर्यंत थांब.' एकेक आठवतं आणि एकेक ठिकाणी मीच बसलेला दिसतो, पेचकस घेऊन, इतका शहाणा.

तोंड मी उघडायचं होतं आणि मी पिना साफ करत होतो. तीन तास.


१ मार्च

काल आणि आज फोन केला. उचलला नाही. दुसऱ्याच्या नावाची अंगठी आहे हातात, कावून उचलेल? मी तिला 'राजकुमार को बोलो' लिहिलं होतं. तिनं तेच केलं.


२ मार्च, रविवार

सकाळी अंघोळ केली, भिंत नाही ओलांडली, रस्त्यानं फिरून समोरच्या दारानं गेलो. काका अंगणात होते. त्याच खुर्चीवर. दुसरी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली.

"टॅग काढायले आलो, काका."

"ये."

टॅग तिथेच होता. सुतळीही कोणी हलवली नव्हती. माझं नाव, १८ फेब्रुवारी, अकरा वाजून दहा मिनिटं. खालची जागा कोरी. बाजूला दोरीवर चादरी वाळत होत्या, हातानं पिळलेल्या, खाली थेंब पडून राहिले होते. बारा दिवस या घरानं हातानं धुतलं आणि माझ्या नावाला कोणी हात लावला नाही. मला या घरानं जेवढी इज्जत दिली, तेवढी कॉलेजनंही नाही दिली, आणि मी तिथूनच पळालो.

"काका," मी म्हटलं, "मले बोलायचं होतं. पाच तारखेलेच बोलायचं होतं. ते अर्थिंगचं—"

"मी माणूस बोलावून तपासून घेतली," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्याच दिवशी. अर्थिंग ठीक होती, तेजू."

मी टॅगवरचं माझं नाव पाहत राहिलो.

"बावीस तारखेपर्यंत वाट पाहिली. पोरीचं ऐकून वाट पाहिली. त्या लोकांले मी दोनदा थांबवलं. आता शब्द दिला आहे." त्यांनी हात गुडघ्यांवर पुसले. "दिलेला शब्दही टॅगच असते रे. मी बांधला, आता मी तो ओढून फेकू का?"

"नाही काका."

"काढ मग. कपडे पडून आहेत."

भूमिका आतून बादली घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं. नखं लाल होती आज, साक्षगंधाची. दोन बोटांवरचं धुण्यानं उडालेलं. मी सुतळीला हात लावला तर काका उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काम पूर्ण?"

"पूर्ण."

"माणसं बाहेर?"

मी सुतळीची गाठ धरून ठेवली. काका थांबले. ते काही घाईत नव्हते. या प्रश्नाला घाई करायची नसते, त्यांनीच शिकवलं.

"माणसं बाहेर," मी म्हटलं.

"हत्यार?"

"बाहेर."

सुतळी सोडली. बटण वर केलं. मशीनचे लाइट लागले, टुणकन आवाज आला. भूमिकानं कपडे टाकले, झाकण लावलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

काकांनी पेन दिला. टॅगच्या खालच्या जागेत लिहिलं: काढला, तेजराम, २ मार्च, दहा वाजून चाळीस. टॅग कोणाचा राहतो यानंतर, ते विचारायचं राहिलं. काकांनी तो घेतला आणि खिशात ठेवला.


१० मार्च, सोमवार

लग्न एप्रिलात. पत्रिका आली. आईनं ती मशीनच्या वर, नाही, शिलाई मशीनच्या वर ठेवली आहे, मी तिथे बसत नाही म्हणून.

सकाळी साडेआठला भिंतीपलीकडे मशीन सुरू होते. पाणी भरते, थांबते, फिरते, पिळते. सव्वानऊला तीनदा वाजून बंद होते. आठ दिवस कान देऊन ऐकून राहिलो आहे. काकांची फर्स्ट शिफ्ट झाली, सेकंड झाली, बुधवारची सुटीही झाली. एकदासुद्धा मधे बंद पडली नाही.

आजही नाही.